आस्थापना: सेवा करणाऱ्या माणसांची नोंद कोण ठेवणार?

आजचा विषय कळल्यावर एक-दोघांनी आम्हाला आधीच विचारले, "सेवाभावी संस्थांवर बोलायचं तर त्यांच्या कामावर बोला ना, हे हजेरीपट आणि फायली काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. विषय कोरडा आहे, हे आम्हालाही मान्य आहे. म्हणून आधी एक हकिकत सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आम्ही चार-पाच जण आहोत. कुणी संस्थेत लेखनिक होतो, कुणी हिशेब पाहत होतो, कुणी आस्थापना सांभाळत होतो. गेली काही वर्षे आम्ही लहान आणि मध्यम संस्थांच्या मुख्य कार्यालयांत जाऊन त्यांचे दप्तर लावून देतो. अशाच एका संस्थेत आम्ही गेलो होतो. संस्थेचे नाव सांगणार नाही. काम चांगले होते आणि माणसेही चांगली होती. तिथल्या एक ताई जानेवारी 2022 अखेर निवृत्त झाल्या. जून 2003 मध्ये आल्या होत्या. म्हणजे 18 वर्षे आणि 8 महिने. पत्रव्यवहार, देणगीच्या पावत्या, केंद्रांवरून येणाऱ्या माणसांच्या राहण्या-जेवणाची सोय, सगळे त्यांच्याकडे. कार्यालयाच्या किल्ल्यासुद्धा त्यांच्याकडेच असायच्या.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणे झाली. "ताई म्हणजे आमच्या संस्थेचा कणा" असे अध्यक्ष म्हणाले. आणि पुढच्या आठवड्यात ग्रॅच्युइटीचा हिशेब करायला बसलो तेव्हा लक्षात आले की या कण्याची फाइलच नाही.

नेमणुकीचे पत्र नव्हते. पहिली काही वर्षे त्यांना व्हाउचरवर 'मानधन' मिळत होते. दर दोन-तीन वर्षांनी देणगीदार बदलला की प्रकल्पाचे नाव बदलायचे आणि ताईंचे नाव नव्या प्रकल्पाच्या यादीत जायचे. जुना हजेरीपट कार्यालय हलवताना गेला होता. कागदावर त्यांची नोकरी दिसत होती ती थेट मे 2009 पासून.

आता हिशेब बघा. ग्रॅच्युइटीचे सूत्र साधे आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला 26 ने भागायचे, 15 ने गुणायचे, आणि जितकी वर्षे नोकरी झाली तितक्याने पुन्हा गुणायचे. शेवटचे अपुरे वर्ष सहा महिन्यांच्या वर गेले असेल तर ते पूर्ण धरतात. ताईंचा शेवटचा पगार 13,000 रुपये. 26 ने भागले की 500. पंधरा दिवसांचे 7,500. जून 2003 पासून धरले तर 19 वर्षे, म्हणजे 1,42,500 रुपये. मे 2009 पासून धरले तर 12 वर्षे 9 महिने, म्हणजे 13 वर्षे, म्हणजे 97,500 रुपये. फरक 45,000 रुपयांचा. एका हरवलेल्या मस्टरची ही किंमत, आणि ती भरायची कुणी, तर ज्यांचे मस्टर हरवले त्या ताईंनी.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी मुद्दा नीट समजून घेऊ.

आस्थापना म्हणजे काय

सरकारी कचेरीत 'आस्थापना शाखा' असते. माणसांची नेमणूक, पगार, रजा, बदली, बढती, निवृत्ती हे सगळे तिथे होते. खाजगी कंपन्यांत यालाच एचआर म्हणतात. सेवाभावी संस्थांत मात्र बहुतेक ठिकाणी याला नावच नसते. ते काम 'कार्यालय बघणाऱ्या' कुणाकडे तरी असते आणि तो माणूस पावत्याही फाडतो, बँकेतही जातो आणि पाहुण्यांना चहाही सांगतो.

आमच्या अनुभवात मुख्य कार्यालयाची कामे तीन नोंदींत मावतात. पहिली माणसांची नोंद: कोण, कधीपासून, कोणत्या कामावर, किती पगारावर. दुसरी निर्णयांची नोंद: कोणत्या सभेत काय ठरले आणि ते कुणी करायचे. तिसरी पैशांची नोंद: कुठून आले, कशावर गेले, पुरावा कुठे आहे. तिसऱ्या नोंदीकडे सगळ्यांचे लक्ष असते, कारण तिच्यामागे हिशेब तपासनीस उभा असतो. दुसरीकडे थोडे लक्ष असते, कारण धर्मादाय कार्यालयाला कागद लागतात. पहिली नोंद मात्र वाऱ्यावर असते. तिच्यासाठी आग्रह धरणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे स्वतः कर्मचारी, आणि त्याला तर 'सेवाभावाने' आलेले असल्यामुळे विचारायचा संकोच वाटतो.

हा संकोच हाच आजचा खरा विषय आहे.

प्रश्न जुनाच आहे

कुणाला वाटेल की हे सगळे देणगीदार आणि कायदे वाढल्यामुळे आलेले आहे. तसे नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या मोठ्या संस्थांना हा प्रश्न पहिल्यापासून पडलेला आहे.

पुण्यात 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिथे आजीव सदस्यांची पद्धत होती. कमी वेतनावर आयुष्याची वर्षे संस्थेला द्यायची, असा तो विचार. आणि वाद कशावरून झाला? आजीव सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यायचा की बाहेरची कामे आणि बाहेरची मिळकत चालेल, वेतन किती असावे, या प्रश्नांवरून. 1890 मध्ये लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडले, त्यामागच्या मतभेदांत हा एक मोठा मुद्दा होता. आजच्या भाषेत बोलायचे तर तो सेवाशर्तींचा वाद होता. इतकी मोठी माणसे, इतका मोठा हेतू, तरीही पगार आणि वेळ यांचे नियम सगळ्यांना मान्य होतील असे ठरले नाहीत तर फूट पडते.

पंधरा वर्षांनी, 12 जून 1905 रोजी, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. स्वतः आजीव सदस्य म्हणून काम केलेला हा माणूस. त्यांनी सदस्यांसाठी सात प्रतिज्ञा ठेवल्या आणि पाच वर्षांचे प्रशिक्षण ठेवले. त्या प्रतिज्ञांतली एक आम्हाला फार महत्त्वाची वाटते. सदस्याने स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, हा तिचा एक भाग. दुसरा भाग असा की संस्था त्याच्यासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी जी तरतूद करू शकेल त्यात त्याने समाधान मानायचे.

आपण सहसा पहिला भाग सांगतो आणि दुसरा विसरतो. त्यागाची शपथ आणि कुटुंबाची तरतूद एकाच वाक्यात बसवलेली आहे. कार्यकर्ता त्याग करणार असेल तर त्याच्या घरचे कोण बघणार, हे संस्थेने आधी सांगायचे, लेखी सांगायचे. तरतूद कमी असेल तर कमी, पण ती ठरलेली असली पाहिजे.

मानधन, पगार आणि स्वयंसेवक

आता शब्दांकडे येऊ, कारण सगळा घोटाळा इथे आहे. 'मानधन' हा शब्द फार गोड आहे. व्याख्यात्याला एका भाषणाचे आपण जे देतो ते मानधन. पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, महिन्याचे पंचवीस दिवस, वर्षानुवर्षे जो माणूस वरिष्ठाच्या सांगण्यावरून काम करतो, त्याला दिलेले पैसे व्हाउचरवर 'मानधन' लिहिल्याने मानधन होत नाहीत. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांच्या प्रकरणात निकाल दिला. त्यांना मिळणारे मानधन हे ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते वेतनच आहे आणि त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असे न्यायालयाने म्हटले. शब्द कोणता वापरला यापेक्षा काम कसले आहे ते बघा, हा त्यातून घ्यायचा धडा.

दुसरा शब्द 'स्वयंसेवक'. इथे एक गोष्ट अनेक विश्वस्तांना माहीत नसते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा 'कर्मचारी' कुणाला म्हणतो? कायम, हंगामी, रोजंदारीवरचे, आणि मोबदला घेणारे किंवा न घेणारे, स्वेच्छेने काम करणारेसुद्धा. म्हणजे सुट्टीत महिनाभर काम करायला आलेली कॉलेजची मुलगीही त्यात येते. आणि हे बरोबरच आहे. हा कायदा ज्या विशाखा निकालातून पुढे आला, तो 1997 चा निकाल, त्याची सुरुवात कुठे झाली? राजस्थानात महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींपासून. बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केल्याबद्दल 1992 मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. त्या गावपातळीवर मानधनावर काम करत होत्या. काम करताना धोका त्यांचा, आणि त्यांच्या रक्षणाची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही, अशी ती अवस्था होती.

दहा किंवा जास्त माणसे असतील तर अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरची. आम्ही अनेक संस्थांत विचारतो तेव्हा उत्तर येते, "आमच्याकडे असं काही होत नाही हो, आम्ही कुटुंबासारखे आहोत." कुटुंबासारखे आहात, म्हणूनच समिती लागते. घरातल्या माणसाविरुद्ध घरातच तक्रार करणे सगळ्यात अवघड असते.

तिसरा शब्द नाही, आकडा आहे: 19. भविष्य निर्वाह निधीचा कायदा 20 माणसांना लागू होतो. त्यामुळे काही संस्थांत वर्षानुवर्षे पगारपत्रकावर 19 च माणसे असतात आणि उरलेली 'मानधनावर'. त्यात हुशारी वाटते, पण कर्मचाऱ्याचे 12 टक्के आणि संस्थेचे 12 टक्के, असे जे दर महिन्याला त्याच्या नावावर साठले असते ते साठत नाही. तपासणी झाली तर संस्थेला मागची सगळी रक्कम व्याज आणि दंडासह भरावी लागू शकते. 20 पेक्षा कमी माणसे असली तरी संस्था स्वेच्छेने या योजनेत येऊ शकते, हेही लक्षात ठेवा.

एका माणसाची फाइल

मग फाइलमध्ये असावे तरी काय? फार नाही. नेमणुकीचे पत्र, त्यात रुजू होण्याची तारीख, काम, पगार, परिवीक्षेचा काळ आणि किती दिवसांची सूचना देऊन सोडता येईल ते. रुजू झाल्याचा अहवाल. ओळखीचे आणि शिक्षणाचे पुरावे, त्यांच्या प्रती. बँक खाते. नामनिर्देशन, म्हणजे माणूस गेला तर पैसे कुणाला द्यायचे. दरवर्षीची पगारवाढ आणि ज्या ठरावाने ती दिली त्याचा क्रमांक. रजेचा हिशेब. बदली झाली असेल तर आदेश. आणि शेवटी कार्यमुक्तीचे पत्र आणि अनुभवाचा दाखला.

नेमणुकीच्या पत्राचा प्रश्न आता संस्थेच्या मर्जीचा राहिलेला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांत नियुक्तीपत्रावर भर आहे. ठराविक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, हा त्यातला दुसरा बदल प्रकल्पांवर माणसे घेणाऱ्या संस्थांनी नीट वाचावा. बाकीच्यांसाठी पाच वर्षांची अट आहेच.

नामनिर्देशनाबद्दल थांबून एक सांगतो. हा कागद भरायला पाच मिनिटे लागतात आणि तो भरून घेणे कुणालाच आवडत नाही. तरुण कार्यकर्त्याला "तू गेलास तर" असे कसे विचारायचे? पण तो मोटरसायकलवर दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर फिरत असतो, पावसाळ्यात, घाटात. विचारायला हवेच. आणि लग्न झाले की तो कागद नवा भरून घ्यायला हवा.

रजेचेही तसेच. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा सांगितल्या आहेत, अर्जित रजा वेगळी. नफ्यासाठी काम करत नाही एवढ्याने संस्था या कायद्याबाहेर जाते, असे धरून चालू नका. प्रसूती रजा 26 आठवड्यांची आहे, पहिल्या दोन अपत्यांसाठी. "बाळ झाल्यावर ये, मग बघू" असे म्हणणारे कार्यालय महिला सबलीकरणाचा प्रकल्प चालवत असेल तर काय म्हणावे?

ठराव, इतिवृत्त आणि बदल अर्ज

आता निर्णयांची नोंद. मुख्य कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. आलेल्या पत्राला क्रमांक पडतो, गेलेल्याला क्रमांक पडतो. आज सगळा व्यवहार ईमेल आणि व्हॉट्सॲपवर आहे, म्हणून ही वही बंद पडली आहे. वही बंद पडली तरी हरकत नाही, पण ती जे काम करायची ते चालू राहायला हवे: कागद कधी आला, कुणाकडे गेला, उत्तर दिले का. सचिवांच्या फोनमध्ये असलेला आदेश हा संस्थेचा आदेश नव्हे. फोन बदलला की तो गेला.

सभेचे इतिवृत्त लिहिताना कोण काय बोलले ते सगळे लिहायचे नसते. काय ठरले, कुणी करायचे, कधीपर्यंत, एवढे स्पष्ट हवे. "चर्चा झाली व सर्वानुमते मान्य करण्यात आले" असे लिहिलेली इतिवृत्ते आम्ही ढिगाने पाहिली. काय मान्य केले, ते शोधून सापडत नाही.

याचा माणसांशी काय संबंध? सांगतो. आपल्याकडे सार्वजनिक न्यास 1950 च्या कायद्याखाली नोंदलेला असतो. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. बऱ्याच संस्थांत तो वर्षानुवर्षे राहून जातो. मग नोंदीत कोण, तर दोन वारलेले विश्वस्त आणि एक परदेशी गेलेले. बँकेत सही बदलायला गेले की बँक नोंदीचा उतारा मागते. उतारा जुना. खाते अडकते. आणि खाते अडकले की पहिल्यांदा काय थांबते? पगार. विश्वस्तांनी न दिलेल्या एका अर्जामुळे केंद्रावरच्या सेविकेच्या घरचा किराणा उधारीवर येतो. कागद आणि पोट यांचे नाते इतके सरळ आहे.

'प्रशासकीय खर्च किती?'

इथे कुणीतरी म्हणेल की हे सगळे करायला माणूस लागतो आणि त्या माणसाचा पगार कुठून आणायचा? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही.

देणगीदाराला वाटते की आपला रुपया थेट मुलाच्या वहीवर, रुग्णाच्या औषधावर जावा. कार्यालयावर गेलेला रुपया त्याला वाया गेलेला वाटतो. कायद्यानेही हात आखडला आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. मात्र इथे एक बारकावा आहे. त्याच्या नियमांत रुग्णालयातल्या डॉक्टरांचे, शाळेतल्या शिक्षकांचे पगार अशा थेट उद्दिष्टासाठी होणाऱ्या खर्चाला प्रशासकीय धरलेले नाही. अनेक संस्था घाबरून सगळेच पगार प्रशासकीय खात्यात टाकतात आणि मग मर्यादा ओलांडली म्हणून माणसे कमी करतात. कोणाचा पगार कोणत्या खात्यात, हे नेमणुकीच्या वेळीच कामाच्या स्वरूपावरून ठरवा आणि लिहून ठेवा. वर्षअखेरीला तपासनीसासमोर बसून ठरवू नका.

आणि देणगीदारांना सांगायला शिका. "आमच्या 30 कार्यकर्त्यांचा पगार दर महिन्याच्या ठरल्या तारखेला होतो, त्यांचा निर्वाह निधी भरला जातो, त्यांच्या तक्रारीसाठी समिती आहे, आणि हे सांभाळायला दोन माणसे आहेत." हे वाक्य वार्षिक अहवालात लिहायला लाजू नका. समजूतदार देणगीदार ते वाचून अधिक विश्वास ठेवतो, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी बाजू

आता आमच्याच विरुद्ध बोलतो. कार्यालय वाढले की ते स्वतःसाठी काम निर्माण करू लागते. मुख्य कार्यालयातून केंद्रांना तक्ते जातात. मासिक अहवाल, साप्ताहिक अहवाल, फोटो, त्या फोटोंचे ठिकाण, प्रवासाच्या देयकाला तीन सह्या. केंद्रावरची ताई रात्री नऊ वाजता जेवण करून तक्ते भरत बसते. कार्यालयात ते तक्ते कुणी उघडतही नाही. हेही आम्ही पाहिले आहे आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी एक-दोघांनी असे तक्ते बनवलेही आहेत.

म्हणून आम्ही आता एक नियम सांगतो. केंद्राकडून कोणतीही माहिती मागवण्याआधी कार्यालयाने लिहावे: ती कोण वाचणार आणि वाचून काय करणार. उत्तर नसेल तर तक्ता पाठवू नये. कर्मचाऱ्याच्या हक्काचा कागद संस्थेने तयार करायचा असतो. संस्थेच्या सोयीचा कागद कर्मचाऱ्याकडून भरून घ्यायचा असतो. पहिला कागद टाळायचा आणि दुसरा वाढवायचा, असे जिथे होते तिथे समजावे की गाडी उलटी चालली आहे.

लहान संस्थेने सुरुवात कुठून करावी

सगळे एकदम होत नाही. पाच गोष्टी सांगतो. पैसे फार लागत नाहीत, थोडा वेळ लागतो.

पहिली: आज जे काम करत आहेत त्या प्रत्येकाची यादी करा. पूर्णवेळ, अर्धवेळ, मानधनावरचे, स्वयंसेवक, सगळे. प्रत्येकासमोर खरी रुजू तारीख लिहा आणि त्या माणसाला दाखवून त्याची सही घ्या. नंतर ती यादी विश्वस्तांच्या सभेत ठराव करून मान्य करा.

दुसरी: ज्यांच्याकडे नेमणुकीचे पत्र नाही त्यांना ते द्या. पत्रात खरी तारीख घाला, पत्र दिले त्या दिवसाची नव्हे.

तिसरी: पगाराचा दिवस ठरवा आणि किमान तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम राखीव ठेवण्याच्या दिशेने जा. अनुदान मार्चमध्ये येते, पोट एप्रिलमध्येही असते. ते जमत नसेल तर पगार उशिरा होणार हे आधी सांगा. ज्या दिवशी व्हायला हवा त्या दिवशी गप्प बसू नका.

चौथी: ग्रॅच्युइटीची तरतूद दरवर्षी ताळेबंदात करा. माणूस निवृत्त होईल तेव्हा बघू म्हटले की त्या वर्षी पैसे नसतात. एकाच वेळी तिघे निवृत्त झाले की संस्थाच हादरते.

पाचवी: दप्तराच्या दोन प्रती, दोन जागी. मस्टर, पगारपत्रक, इतिवृत्त यांचे फोटो काढून ठेवा. वाळवी, गळके छत आणि कार्यालयाचे स्थलांतर, या तीन गोष्टींनी जितकी दप्तरे नष्ट झाली आहेत तितकी कुणी मुद्दाम केलेली नाहीत.

ताईंचे पुढे काय झाले

आता राहिलेली गोष्ट. 2003 ते 2009 चा पुरावा नव्हता. विश्वस्त वाईट नव्हते. पण "कागदाशिवाय कसं देणार, उद्या तपासनीस विचारेल" असे ते म्हणत होते, आणि तेही चूक नव्हते. आम्ही माळ्यावर चढलो. तिथे देणगी पावत्यांची जुनी पुस्तके होती, सुतळीने बांधलेली. प्रत्येक पावतीच्या स्थळप्रतीवर तारीख, रक्कम आणि पैसे घेणाऱ्याची सही. सही ताईंची. पहिली सापडली ती जून 2003 ची. मग जवळजवळ प्रत्येक महिन्याची, सलग सहा वर्षे.

गंमत बघा. संस्थेने ताईंची नोंद ठेवली नव्हती. ताईंनी संस्थेची नोंद इतकी नीट ठेवली होती की त्यातूनच त्यांची स्वतःची नोकरी सिद्ध झाली. विश्वस्तांनी ठराव केला, 19 वर्षे धरली, पूर्ण 1,42,500 रुपये दिले.

धनादेश घ्यायला आल्या तेव्हा आम्ही त्यांना विचारले, "ताई, इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही पत्र मागितलं नाहीत?" त्या म्हणाल्या, "मागावंसं वाटायचं. पण वाटायचं, मागितलं तर म्हणतील, ही पैशासाठी आली आहे."

हे वाक्य तुमच्या संस्थेतही कुणाच्या तरी मनात असेल. त्या माणसाला मागावे लागू नये, एवढीच कार्यालयाकडून अपेक्षा आहे. उद्या कार्यालयात गेलात की आधी सगळ्यात जुन्या माणसाची फाइल काढा. फाइल सापडली तर उत्तम. नाही सापडली तर त्यांच्याशेजारी बसा, चहा सांगा, आणि विचारा, "तुम्ही इथे नक्की कधी आलात?" आणि जे सांगतील ते लिहून घ्या.

प्रश्न असतील तर आता घेऊ.